बदल करणाऱ्यानेच वाक्य लिहावं

डिसेंबर २०१७मध्ये पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या डिक्शनरीला, म्हणजे किल्ली दिली की तिच्यासोबत ठेवलेली माहिती परत देणाऱ्या रचनेला, एक नवा गुण मिळाला, आणि तो देण्यासाठी डिक्शनरीच्या कोडमध्ये काहीही करावं लागलं नाही. त्याच्या वर्षभर आधी पायथॉन ३.६ आलं होतं. त्यात डिक्शनरीची अंतर्गत रचना बदलली होती. उद्देश मेमरी वाचवण्याचा होता, पण नव्या रचनेचा एक आनुषंगिक परिणाम असा झाला की ज्या क्रमाने किल्ल्या घालाव्यात त्याच क्रमाने त्या बाहेर येऊ लागल्या. ३.६च्या डॉक्युमेंटेशनने स्पष्ट बजावलं होतं: हा अंमलबजावणीचा भाग आहे, यावर विसंबू नका. लोक अर्थातच विसंबू लागले. मग चर्चा झाली, पायथॉनचे निर्माते गिडो व्हॅन रोसम यांनी निर्णय दिला, आणि २०१८च्या जूनमध्ये आलेल्या ३.७च्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘विसंबू नका’च्या जागी हमी आली. कोड होता तसाच राहिला, बदललं ते वाक्य. आणि त्या वाक्याने जगभरच्या प्रोग्रामरना एक अधिकार दिला, तर पायथॉनच्या इतर अंमलबजावण्यांवर, म्हणजे तीच भाषा चालवणाऱ्या इतर प्रोग्रामवर, एक जबाबदारी टाकली. पायपायमध्ये क्रम आधीपासूनच टिकत होता, त्यामुळे तिला काही करावं लागलं नाही. मायक्रोपायथॉनमध्ये साध्या डिक्शनरीत तो टिकत नाही, म्हणून त्या प्रकल्पाला हा फरक स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नोंदवावा लागतो.

डॉक्युमेंटेशन म्हणजे कोडचं वर्णन, ही समजूत या एका उदाहरणापुढे टिकत नाही. निदान स्टँडर्ड लायब्ररीच्या (भाषेबरोबर येणाऱ्या तयार कोडच्या) आणि कंपायलरच्या (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) बाबतीत तरी नाही. तुमच्या-माझ्या ॲप्लिकेशनमध्ये कोड काय करतो तेच खरं. चार माणसं ते वापरतात, शंका आली तर विचारतात. स्टँडर्ड लायब्ररीचे वापरकर्ते लाखांत असतात, लिहिणाऱ्याची आणि त्यांची कधीच गाठ पडत नाही, आणि आज लिहिलेला प्रोग्राम त्यांना दहा वर्षांनी, वेगळ्या मशीनवर, पुढच्या आवृत्तीवर चालवायचा असतो. कोडने आज काय केलं हे पाहून उद्या तो काय करील हे कळत नाही. ते फक्त कुणीतरी लिहून दिलेल्या शब्दावरून कळतं.

असं असूनही बहुतेक प्रकल्पांत कामाची रीत काय? फंक्शनचं वागणं बदलणारा पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, येतो, त्याचा रिव्ह्यू होतो, टेस्ट पास होतात, तो मुख्य कोडमध्ये मर्ज होतो. मग कुणीतरी एक वेगळा इश्यू, म्हणजे उरलेल्या कामाची नोंद, उघडतो: ‘डॉक्स अपडेट करणे’. त्यावर नवोदितांसाठी सोपं काम असं लेबल लागतं. सहा महिन्यांनी एखादा उत्साही विद्यार्थी तो इश्यू उचलतो, कोड वाचतो, आणि कोड काय करतो ते इंग्रजी वाक्यांत मांडतो. सगळे त्याचं कौतुक करतात, आणि त्याच्या कष्टांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच्याकडे चुकीचं काम दिलं गेलं, हे कुणी बोलत नाही.

वाचकाला हवी असलेली माहिती कोडमध्ये नसते, हीच अडचण आहे. हे फंक्शन आज रिकाम्या यादीवर शून्य देतं. ते वचन आहे की योगायोग? ही मर्यादा जाणूनबुजून ठेवली आहे की कुणाला सुचलंच नाही? जुना वापर कुठे मोडेल? दुसरा कोणता पर्याय विचारात घेऊन बाजूला ठेवला? याची उत्तरं ज्याने बदल केला त्याच्या डोक्यात असतात, तीही बदल करतानाच्या दोन-तीन आठवड्यांत. नंतर तोही विसरतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की स्टँडर्ड लायब्ररीचं किंवा कंपायलरच्या फ्लॅगचं (कंपायलरला द्यायच्या सूचनेचं) वागणं बदलणाऱ्या पॅचमध्ये त्या बदलाचं डॉक्युमेंटेशन नसेल तर तो पॅच अपुरा आहे आणि तो मर्ज करू नये. ‘डॉक्स नंतर’ असा इश्यू उघडणं म्हणजे कामातला सगळ्यात नाशवंत भाग नासायला ठेवणं.

हे ऐकायला कडक वाटतं. पण जिथे डॉक्युमेंटेशन अगदी बरोबर होतं तिथेही काय झालं ते पाहिलं की मला ही मागणी उलट मवाळ वाटते.

सी भाषेत मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे नेण्यासाठी दोन फंक्शन्स आहेत, मेमकॉपी आणि मेममूव्ह. स्रोत आणि गंतव्य एकमेकांवर चढत असतील, म्हणजे काही बाइट्स दोन्हींत सामाईक असतील, तर मेममूव्ह वापरायचं; मेमकॉपी वापरायचं नाही. हे सीच्या मानकात लिहिलेलं आहे, लिनक्सच्या मॅन पेजवर, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या माहितीपानावर, लिहिलेलं आहे, त्यात कसलीही संदिग्धता नाही. तरीही वर्षानुवर्षं मेमकॉपी पुढून मागे, बाइट क्रमाने कॉपी करत असल्यामुळे कित्येक चुकीचे वापर बिनबोभाट चालून जात होते. २०१०च्या अखेरीस फेडोरा या लिनक्स प्रणालीची १४वी आवृत्ती आली. तिच्यातल्या ग्लिबसीमध्ये, म्हणजे सीच्या स्टँडर्ड लायब्ररीत, नव्या प्रोसेसरांसाठी वेगवान मेमकॉपी होतं, आणि ते काही वेळा मागून पुढे कॉपी करत असे. ॲडोबीच्या फ्लॅश प्लेयरमधून आवाज फाटलेला येऊ लागला. फ्लॅशमध्ये मेमकॉपीचा चुकीचा वापर होता, हे लवकरच सापडलं. चूक फ्लॅशची, यात वाद नव्हता. वाद पुढच्या प्रश्नावर होता, आणि त्यात खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स उतरले: नियम कुणी मोडला याच्याशी वापरकर्त्याला काय देणंघेणं? कालपर्यंत त्याच्या मशीनवर आवाज नीट येत होता, आज येत नाही, एवढंच त्याला दिसतं.

शेवटी ग्लिबसी २.१४मध्ये तोडगा निघाला. मेमकॉपीच्या नावाला आवृत्ती जोडली गेली. आधी लिंक झालेल्या, म्हणजे लायब्ररीशी आधीच जोडून तयार झालेल्या, प्रोग्रामना जुनं, सोशिक वागणं मिळत राहिलं आणि नव्याने लिंक होणाऱ्यांना नवं. पण मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते त्यानंतर घडलेलं. आज लिनक्सचं मेमकॉपीचं मॅन पेज उघडा. वर तोच जुना नियम आहे: तुकडे एकमेकांवर चढता कामा नयेत. खाली टिपांमध्ये मात्र हा इतिहास दिलेला आहे: हा नियम न पाळल्यामुळे गंभीर बग झाले, ग्लिबसी २.१३मध्ये बाइट्सचा क्रम बदलला तेव्हा अनेक प्रोग्राम उघडे पडले, २.१४मध्ये आवृत्ती असलेलं नाव आलं. नियम एका ओळीचा आणि त्याचं कारण एका परिच्छेदाचं. नुसता नियम वाचणारा प्रोग्रामर म्हणतो, ‘माझ्याकडे तर चालतंय.’ कारण वाचणारा तसं म्हणू शकत नाही, कारण ‘चालतंय’चा शेवट कसा झाला तेच समोर लिहिलेलं असतं. डॉक्युमेंटेशन अद्ययावत करणं म्हणतात ते हे. जुनं वाक्य खोडून नवं लिहिणं हा त्यातला लहानसा भाग झाला.

गो भाषेच्या लोकांनी या आजारावर वेगळाच उपाय केला. मॅपमधून (गोच्या डिक्शनरीतून) फिरताना क्रमाची हमी नाही, असं नुसतं लिहून ते थांबले नाहीत. गोची पहिली स्थिर आवृत्ती २०१२मध्ये आली तेव्हापासून प्रोग्राम चालवणारा रनटाइम मुद्दामच दर वेळी वेगळीकडून सुरुवात करतो. ‘विसंबू नका’ हे वाक्य कोडनेच वठवलं. पायथॉनने वापरकर्त्यांच्या सवयीपुढे मान तुकवून हमी दिली, गोने सवय लागूच दिली नाही. दोन्ही प्रामाणिक मार्ग आहेत. अप्रामाणिक मार्ग तिसरा: डॉक्युमेंटेशनने मौन पाळायचं आणि काही मोडलं की ‘आम्ही असं कुठे म्हटलं होतं?’ असं विचारायचं.

हे मौन बहुतेक वेळा वेगाबाबत असतं. जावामध्ये स्ट्रिंगचा उपभाग काढणारं सबस्ट्रिंग हे मेथड घ्या. पूर्वी ते मूळ अक्षरांची नक्कल न करता मूळ ॲरेकडेच बोट दाखवत असे. स्ट्रिंग कितीही लांब असली तरी काम क्षणात होई. तोटा असा की दहा अक्षरांचा तुकडा जवळ ठेवला तरी मूळची काही मेगाबाइटची स्ट्रिंग मेमरीत अडकून राही. २०१२मध्ये जावा ७च्या सहाव्या अपडेटमध्ये हे बदललं आणि दर वेळी नक्कल होऊ लागली. बदल योग्यच होता, असं माझं मत आहे. पण मोठ्या मजकुराचे तुकडे करत जाणारे पार्सर याच मेथडच्या वेगावर उभे होते, आणि एका किरकोळ अपडेटने त्यांचा हिशेब बदलला. मेथडच्या वर्णनात तेव्हा वेगाबद्दल शब्द नव्हता, म्हणून बदलानंतर त्या वर्णनात दुरुस्त करण्यासारखंही काही सापडलं नाही. सी++ची रीत इथे उजवी आहे. तिथे मानकातच गुंतागुंत, म्हणजे डेटा वाढला की काम किती वाढेल ते, लिहिलेली असते. क्रम लावणाऱ्या सॉर्टला आधी सरासरी एन लॉग एन (एन म्हणजे घटकांची संख्या) एवढीच अट होती, सी++११मध्ये ती वाईटात वाईट परिस्थितीलाही लागू झाली. मग अंमलबजावणी करणाऱ्याला पळवाट राहत नाही.

कंपायलरच्या फ्लॅगचा मामला लायब्ररीपेक्षाही अवघड आहे, आणि त्याच्याकडे लक्ष मात्र त्याहून कमी दिलं जातं. फंक्शन बदललं तर निदान नाव बदलता येतं, नवा पॅरामीटर घालता येतो, जुन्यावर वॉर्निंग लावता येते. फ्लॅग म्हणजे बिल्ड फाइलच्या एका कोपऱ्यात कुणीतरी कधीतरी चिकटवलेली चार अक्षरं. ती कुणी लिहिली, का लिहिली, हे विचारणाराही उरलेला नसतो. आणि त्याच अक्षरांचा अर्थ आवृत्तीगणिक सरकतो. जीसीसी या कंपायलरचं ‘डॅश ओ-टू’ घ्या, म्हणजे कोड किती वेगवान करायचा त्याची पातळी ठरवणारा फ्लॅग. २०२२मध्ये जीसीसी १२ आलं तेव्हापासून या पातळीवरही कंपायलर लूपचं व्हेक्टरायझेशन (अनेक आकडेमोडी एकाच वेळी करणं) करू लागला, अगदी सावध हिशेबाने का होईना. त्याआधी ते ‘ओ-थ्री’वर होत असे. बिल्ड फाइलमध्ये काडीचाही बदल न करता तयार होणारा मशीन कोड बदलला. वॉर्निंग चालू करणारा ‘डॅश वॉल’ फ्लॅग म्हणजे सगळ्या वॉर्निंग नव्हेत, हे मॅन्युअल केव्हापासून सांगतंय. त्यात नेमकं काय येतं ती यादीही आवृत्तीनुसार हलत असते. २०२०च्या जीसीसी १०ने ग्लोबल व्हेरिएबलांबाबतची मूळ निवडच उलटी केली: हेडर फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता व्हेरिएबल जाहीर करून ती फाइल दहा ठिकाणी जोडणारे कितीतरी जुने प्रोग्राम लिंक होईनासे झाले. २०२४च्या जीसीसी १४ने जाहीर न केलेल्या फंक्शनला हाक मारणं ही सीमध्ये सरळ चूक ठरवली. त्याआधी नुसती वॉर्निंग येत असे.

जीसीसीच्या मंडळींना इथे श्रेय द्यायला हवं. अशा मोठ्या आवृत्तीबरोबर ते ‘पोर्टिंग’ नावाचं वेगळं पान देतात: काय मोडेल, कोणती एरर दिसेल, कोड कसा सुधारायचा, आणि तेवढा वेळ नसेल तर जुनं वागणं कोणत्या फ्लॅगने परत आणायचं. चार गोष्टी, एका पानावर. दहा हजार शब्दांच्या रिलीज नोट्सपेक्षा या पानाने जास्त लोकांचे तास वाचवले असतील, असं मी खुशाल म्हणेन.

पण याच कंपायलरमध्ये एक प्रकरण असंही होतं, ज्याची पूर्ण गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘फास्ट-मॅथ’ नावाचा फ्लॅग आहे. दशांश अपूर्णांकांच्या गणिताचे काटेकोर नियम थोडे सैल करून वेग मिळवायचा, असा त्याचा हेतू. मॅन्युअलमध्ये इशारा होताच: ज्या प्रोग्रामना या गणिताच्या आयईईई मानकाचं नेमकं पालन लागतं त्यांची उत्तरं यामुळे चुकू शकतात. वाचणाऱ्याची समजूत होते की धोका माझ्या प्रोग्रामला आहे, मी तो पत्करतो. प्रत्यक्षात हा फ्लॅग कंपाइल करतानाच नव्हे, लिंक करतानाही काम करत होता. लिंकच्या वेळी तो दिला की एक छोटा सुरुवातीचा कोड जोडला जाई, आणि तो कोड प्रोसेसरच्या नियंत्रण रजिस्टरमध्ये एक सेटिंग बदले: शून्याच्या अगदी जवळच्या, अतिसूक्ष्म संख्या सरळ शून्य धरायच्या. शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती, बनवतानाही हे होई. म्हणजे ती लायब्ररी लोड करणाऱ्या थ्रेडचं (प्रोग्राममधल्या कामाच्या एका ओघाचं) सगळंच गणित बदले, मग ते गणित कुणाच्याही कोडमधलं असो.

याबद्दलचा बग २०१२मध्ये नोंदवला गेला होता. २०२२मध्ये लोकांच्या लक्षात आलं की पायथॉनच्या काही प्रसिद्ध पॅकेजांच्या तयार बायनरी अशा फ्लॅगने बांधलेल्या आहेत. नेटवर्कचं काम करणारं एखादं पॅकेज इम्पोर्ट केलं की शेजारच्या संख्याशास्त्राच्या लायब्ररीची उत्तरं किंचित बदलण्याची शक्यता निर्माण होत होती. २०२३च्या जीसीसी १३मध्ये शेअर्ड लायब्ररीसाठी हे वागणं काढून टाकलं आणि रिलीज नोट्समध्ये तसं नोंदवलं.

ज्याचं गणित बिघडलं त्या माणसाने हा फ्लॅग कधी दिलाच नव्हता. त्याने जीसीसीचं मॅन्युअल उघडायचं काही कारणच नव्हतं. ते उघडणार पॅकेज बांधणारा, आणि त्याला जे वाक्य वाचायला मिळत होतं त्यात ‘तुमच्या प्रोग्रामला’ धोका होता, ‘तुमची लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाला’ नव्हता. फ्लॅगच्या वर्णनात तो काय करतो हे लिहिलेलं असतं. तो कोणत्या टप्प्यावर करतो आणि कुणाकुणाला करतो, हे अनेकदा निसटतं. हा तपशील कोड वाचून वर्णन लिहिणाऱ्या नवोदिताला सापडणं जवळपास अशक्य. त्या सुरुवातीच्या कोडची फाइल वेगळी, लिंकरला ती जोडायला सांगणारा मजकूर वेगळा, मॅन्युअलची फाइल आणखी वेगळी. तिन्ही एका धाग्यात दिसतात त्या फक्त ज्याने त्या जोडल्या त्याला.

मग कुणी म्हणतं, हे सगळं यंत्राकडून लिहून घ्या. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने काही अंशी ते केलं आहे. तिथे सगळे फ्लॅग एका तक्त्यात नोंदवलेले असतात आणि त्या तक्त्यावरून संदर्भ-पान आपोआप तयार होतं. एकही फ्लॅग सुटत नाही, स्पेलिंग चुकत नाही. ते पान उघडून खाली सरकत जा: फ्लॅग, फ्लॅग, फ्लॅग, अनेकांपुढे एक शब्दही नाही. ज्याने तक्त्यात ओळ घातली त्याने वर्णनाचा रकाना रिकामा ठेवला आणि यंत्राने तो रिकामेपणा इमानेइतबारे छापला. जीसीसीचं मॅन्युअल याउलट हाताने लिहिलेलं, अवाढव्य, जुनाट बांधणीचं. त्यात मागे पडलेली वाक्यं सापडतात, पण बोलणारा माणूस आहे हे कळतं. मला निवडायला सांगितलं तर मी हाताचं निवडेन. यंत्राकडे द्यावं ते मोजता येण्यासारखं काम: यादी, मूळ निवड, कोणत्या आवृत्तीत आला. जीसीसी स्वतःच सांगतं की अमुक पातळीवर नेमके कोणते ऑप्टिमायझेशन चालू आहेत हे पक्कं हवं असेल तर ‘क्यू’ आणि ‘हेल्प’ देऊन कंपायलरलाच विचारा. हे शहाणपणाचं आहे. मॅन्युअल आपली मर्यादा ओळखून वाचकाला खऱ्या जागी पाठवतं.

उदाहरणं तपासण्याचं कामही यंत्राने करावं. पायथॉनमध्ये डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून पाहणारं डॉकटेस्ट २००१पासून आहे. रस्ट भाषेत डॉक्युमेंटेशनमधला कोड टेस्टबरोबर आपोआप चालतो, गोमध्ये उदाहरणाचं अपेक्षित आउटपुट टिपेत लिहिलं की ते जुळवून पाहिलं जातं. चालत नसलेलं उदाहरण छापणं आता अक्षम्य मानायला हरकत नाही. पण ‘हे मेथड एकाच वेळी अनेक थ्रेडमधून वापरता येतं’ हे वाक्य कुठलीही डॉकटेस्ट तपासत नाही. ते खोटं झालं तर एखाद्या रात्री, भरलेल्या सर्व्हरवर, शंभरात एकदा कळतं.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र आळसाचा नाही. तो असा: डॉक्युमेंटेशनला एवढं महत्त्व दिलं की ते दुरुस्तीची जागा घेऊ लागतं. एकदा लिहून ठेवलं की अंगावरची जबाबदारी झटकली. आणि याचे पुरावे आहेत. सीचं गेट्स हे फंक्शन किती जागा आहे हे न विचारता ओळ वाचत जातं. १९८८च्या मॉरिस वर्म या इंटरनेटवर पसरलेल्या घातक प्रोग्रामने फिंगर नावाच्या सर्व्हरमध्ये शिरायला याचाच उपयोग केला. त्यानंतर मॅन पेजने ‘कधीही वापरू नका’ म्हटलं, लिंकर वॉर्निंग देऊ लागला, आणि तरी ते मानकातून बाहेर जायला सी११, म्हणजे २०११चं मानक, उजाडावं लागलं. म्हणजे २३ वर्षं. अनेक फाइलींचा संग्रह उलगडणाऱ्या पायथॉनच्या टारफाइल मॉड्यूलची कथा तशीच. संग्रहातल्या फाइलच्या नावात ‘वरच्या फोल्डरमध्ये जा’ असा मार्ग घातला की उलगडताना ती फाइल भलत्याच ठिकाणी लिहिली जाई. २००७मध्ये या दोषाला सीव्हीई, म्हणजे सुरक्षादोषांच्या जाहीर यादीतला, क्रमांक मिळाला. उपाय काय केला? डॉक्युमेंटेशनमध्ये इशारा घातला: अनोळखी संग्रह आधी तपासल्याशिवाय उलगडू नका. १५ वर्षं तो इशारा तिथे होता. २०२२मध्ये सुरक्षा संशोधकांनी पुन्हा पाहिलं तर असुरक्षित वापर ओपन सोर्स कोडमध्ये जिकडे तिकडे पसरलेला होता. मग २०२३च्या पायथॉन ३.१२मध्ये फिल्टर आला, आणि ३.१४मध्ये सुरक्षित फिल्टर हीच मूळ निवड झाली.

हा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्यामुळे माझी मागणी थोडी लांबते. लाल चौकटीतला इशारा हा दुरुस्ती होईपर्यंतचा पट्टा आहे. तो बांधताना काढायचा कधी हेही ठरवावं. पण टारफाइलच्या गोष्टीत दोष डॉक्युमेंटेशन लिहिण्याचा नव्हता. दोष असा होता की जे सुरक्षित वागणं मूळ असायला हवं होतं त्याची अपेक्षा वाचकाकडून केली गेली. ज्याला बदल करताना स्वतः वाक्य लिहावं लागतं, त्याला ‘वापरण्यापूर्वी प्रत्येक नाव तपासा’ असं लिहिताना निदान एकदा तरी लाज वाटते. तेच वाक्य दुसऱ्याला लिहायला सांगितलं की लाजही त्याच्याकडे जाते.

दुसरा आक्षेप: उत्तम कोड लिहिणाऱ्यांना उत्तम लिहिता येतंच असं नाही, शिवाय यातल्या अनेकांची इंग्रजी ही मायभाषा नसते. खरं आहे. म्हणून वाक्य सुंदर असावं अशी माझी अट नाही, ते पूर्ण असावं एवढीच आहे. तथ्य बदल करणाऱ्याचं, भाषा संपादकाची. ओबडधोबड चार ओळींतून जाणकार संपादक अर्ध्या तासात चांगला परिच्छेद करतो. काहीच लिहिलेलं नसेल तर त्याला आठवडाभर जुन्या चर्चा उपसाव्या लागतात आणि शेवटी अंदाजच बांधावा लागतो. भाषांतराचंही तेच. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या मॅन्युअलची अनेक भाषांत भाषांतरं आहेत, आणि प्रत्येक भाषांतरित फाइलमध्ये ती मूळ इंग्रजीच्या कोणत्या आवृत्तीवरून केली याची खूण असते. मागे पडलेलं पान त्यामुळे शोधता येतं. शिळं भाषांतर हे भाषांतर नसण्यापेक्षा घातक, कारण वाचक त्यावर आपल्या भाषेतलं म्हणून जास्त विश्वास ठेवतो.

‘डॉक्युमेंटेशन वाचतं कोण?’ हा तिसरा आक्षेप मी फार गंभीरपणे घेत नाही. लोक पान उघडत नसतील. एरर मेसेज तर वाचतात, एडिटरमध्ये तरंगणारी दोन ओळींची चौकट तर वाचतात. तेही डॉक्युमेंटेशनच. रस्टच्या कंपायलरला एररचा क्रमांक देऊन ‘समजावून सांग’ म्हटलं की तो उदाहरणासकट सांगतो. आणि आता एक नवा वाचक आला आहे: कोड सुचवणारी यंत्रं. ती जुन्या पानांवर वाढलेली आहेत. पायथॉनमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ मिळवायला ‘यूटीसीनाउ’ वापरायची रीत वर्षानुवर्षं जिथे तिथे छापली गेली, म्हणून यंत्रंही ती सुचवतात. ३.१२मध्ये हे मेथड वापरू नये असं ठरलं. कारण साधं आहे: ते देत असलेल्या वेळेवर कालक्षेत्राची चिठ्ठी नसते, आणि चिठ्ठी नसलेली वेळ पायथॉनच्या इतर मेथड स्थानिक समजतात. यूटीसीत नसलेल्या मशीनवर त्या वेळेचा टाइमस्टॅम्प काढला की तो काही तासांनी चुकीचा निघतो, कसलीही एरर न देता. डॉक्युमेंटेशनमध्ये याऐवजी काय वापरायचं ते लगेच पुढे दिलेलं आहे: ‘नाउ’ला यूटीसी कालक्षेत्र द्या. ‘कालबाह्य’ एवढाच शिक्का मारून मोकळं होणाऱ्या पानांनी हे पाहून ठेवावं. काय वापरायचं हे न सांगता काय वापरू नये हे सांगितलं तर माणूस वॉर्निंग बंद करायचा फ्लॅग शोधतो, आणि तो त्याला पाच मिनिटांत सापडतो.

नियम करून हे साधतं का, या शंकेला रस्टकडे पाहून उत्तर देता येईल. फीचर स्थिर म्हणून जाहीर करण्याआधी त्याचं डॉक्युमेंटेशन तयार असलंच पाहिजे, असा प्रस्ताव तिथे २०१६मध्ये आला आणि स्वीकारला गेला. स्थिरीकरणाच्या अहवालात आज संदर्भग्रंथातल्या बदलाचा दुवा मागितला जातो. सगळं आलबेल झालं असं नाही. त्या संदर्भग्रंथात अजून पोकळ्या आहेत, आणि काही फीचर केवळ मजकुरासाठी अडून राहतात म्हणून कुरकुरही होते. पण अडून राहिलेलं फीचर प्रायोगिक आवृत्तीत वापरता येतंच, ज्याला हवं तो वापरतो. स्थिर आवृत्तीत शिरल्यावर मात्र ते परत घेता येत नाही. लिहायला बसल्यावर ‘या बाबतीत नेमकं काय व्हावं?’ असा प्रश्न पडला आणि उत्तर कुणाकडेच नाही असं दिसलं, तर ते या आधीच्या टप्प्यावर दिसलेलं बरं. कारण तेव्हा डिझाइन बदलायला अजून कुणाची परवानगी लागत नाही.